चेंडूची वाकडी वाट

भिवंडीसारख्या मागांच्या गावात राहणाऱ्या, आणि तेही कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकासाठी गोल्फवर लेख आणून दिला, तेव्हा संपादक मंडळातील सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "गोल्फ तू कुठे पाहिलास रे?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "सर, खांद्यावर." ते हसले, पण ही थट्टा नव्हती. माझे मामा चेंबूरला कॅडी आहेत. खेळणाऱ्याची क्लबांनी भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चार-पाच मैल चालणे, चेंडू कुठे पडला ते ध्यानात ठेवणे, आणि विचारले तर सल्ला देणे, हे कॅडीचे काम. बारावीच्या सुट्टीपासून मीही अधूनमधून हे काम करतो. पहाटे भिवंडीहून ठाणे, तिथून लोकलने कुर्ला, पुढे हार्बरने चेंबूर. दमणूक होते, पण फीचे पैसे सुटतात.

हा खेळ आपल्याकडे साहेबांनी आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना समजला जातो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 सालचा. साहेब गेले, हिरवळ राहिली, आणि हिरवळीच्या कुंपणाबाहेर कॅडींच्या वस्त्याही राहिल्या. चेंबूरच्या गल्ल्यांतून कॅडींनी आपला एक वेगळाच गोल्फ उभा केला आहे. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब आणि प्लॅस्टिकचा चेंडू. गटार, पायरी, दोरीवरचे कपडे हे सारे अडथळे. त्याचे फोटो परदेशी नियतकालिकांतही छापून आले आहेत. कॅडी आणि माळी यांच्या घरांतून मोठे खेळाडूही निघाले. दिल्लीचे अली शेर हे मूळचे कॅडी. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. 2009 साली तीच स्पर्धा बंगळूरच्या मुनियप्पांनी जिंकली, तेही कॅडीच होते. चौरासिया यांचे वडील कलकत्त्यात हिरवळीची देखभाल करीत. मुलाने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली.

आता मुख्य विषयाकडे येतो. गोल्फचा चेंडू सरळ मारणे सर्वांत कठीण, असे जाणकार म्हणतात. म्हणून चांगला खेळाडू सरळ मारण्याचा हट्ट सोडतो आणि चेंडू मुद्दाम वळवतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडून डावीकडे वळला तर त्याला ड्रॉ म्हणतात, डावीकडून उजवीकडे वळला तर फेड. हेच वळण हाताबाहेर गेले की त्यांची नावे हुक आणि स्लाइस होतात. नवख्याला स्लाइस फुकट मिळतो, ड्रॉ मात्र कमवावा लागतो. दोन्ही बाजूंना हवा तेव्हा चेंडू वळवता येणे, ही या विद्येतील वरची इयत्ता. आमच्या घराखालच्या मागावर धोटा जितक्या सहजतेने दोन्हीकडे जातो, तितक्या सहजतेने ते कोणालाच जमत नसावे.

मामांनी मला जो नियम शिकवला तो असा: "पाय आणि झोका जिकडे, तिकडे चेंडू निघतो. क्लबचे तोंड जिकडे, तिकडे तो शेवटी जाऊन पडतो. म्हणून झोका झाडाच्या बाजूने घाल आणि तोंड झेंड्याकडे ठेव." ऐकायला किती पटण्यासारखे! मामांनी तो त्यांच्या वस्तादाकडून घेतला होता, आणि कित्येक जुन्या पुस्तकांतही तो असाच छापलेला आहे. मीही तो पाठ केला.

गेल्या वर्षी एका मैदानावर मी एका वयस्क गृहस्थांची पिशवी घेऊन चाललो होतो. त्यांचा चेंडू गुलमोहराच्या मागे अडकला. झेंडा झाडाच्या नेमका पलीकडे. त्यांनी मला विचारले, "काय करू?" त्या क्षणी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले. मी मामांचा नियम सांगितला. त्यांनी झाडाच्या उजवीकडे अंग वळवले, सात नंबरच्या क्लबचे तोंड झेंड्याकडे केले आणि अगदी सांगितल्याप्रमाणे झोका घातला. चेंडू सरळ गुलमोहराच्या बुंध्यावर आदळला आणि आमच्या दोघांच्या मधून मागे गेला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या नऊ भोकांत त्यांनी मला एकदाही काही विचारले नाही. बक्षिशी दिली, पण दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा मागितला. परतीच्या गाडीत मी तोच झोका डोळ्यांपुढे आणत राहिलो. त्यांची चूक मला सापडेना. मग चूक कोणाची?

त्या सत्रात आम्हाला तर्कशास्त्रात मिलच्या पद्धती होत्या. एक घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावे, आणि परिणामात काय बदलते ते पाहावे, ही व्यतिरेक पद्धती. परीक्षेसाठी पाठ केलेली ही गोष्ट कुठे कामाला येईल असे मला वाटले नव्हते. भात कापून झाले होते. गावाबाहेरच्या नातेवाइकांच्या खाचरात मी मामांचा जुना सात नंबरचा क्लब आणि चाळीसेक जुने चेंडू घेऊन गेलो. दूर एक बांबू रोवला, तो झेंडा. दहा पावलांवर दुसरा बांबू रोवला, त्याच सरळ रेषेत. जवळचा बांबू कशासाठी? चेंडू निघतो कुठे आणि पडतो कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दूरच्या बांबूकडे पाहून फक्त दुसऱ्याचे उत्तर मिळते. माझ्या मते मामांच्या नियमाची इतकी वर्षे कोणी झडती घेतली नाही, त्याचे कारण हेच.

आधी जमिनीवर दोन काठ्या रुळांसारख्या टाकून झोक्याची वाट पक्की केली आणि केवळ क्लबचे तोंड बदलत गेलो. नंतर तोंड तेच ठेवून काठ्या फिरवल्या. धसकटांत चेंडू शोधण्यातच अर्धा वेळ गेला. बांधावर बसलेली दोन पोरे मला वेडा समजली असावीत. तीन संध्याकाळींनंतर मात्र संशय उरला नाही. तोंड बदलले की चेंडूची निघण्याची दिशा लगेच बदलत होती. वाट बदलली तर निघण्याची दिशा थोडीशीच हलत होती आणि वळण मात्र खूप बदलत होते. म्हणजे नियम जवळजवळ उलटा! चेंडू मुख्यतः तोंडाच्या दिशेने निघतो, आणि तोंड व वाट यांच्यातील फरकामुळे वळतो. गुलमोहराच्या प्रसंगी तोंड झेंड्याकडे होते, झेंडा झाडामागे होता, मग चेंडू झाडावरच जाणार. झाड मध्ये नसते तर चेंडू झेंड्याच्या डावीकडे कुठेतरी पडला असता आणि आम्ही दोघांनी मनगटाला दोष दिला असता.

पुढे वाचनालयात आणि इतरत्र शोधल्यावर कळले की हे शहाण्यांना पूर्वीच ठाऊक होते. कॉक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनी 1968 सालच्या आपल्या पुस्तकात ते मांडले होते. अमेरिकेतील जॉर्गेनसन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1994 साली त्याची भूमिती मांडली. 2000 नंतर रडारची यंत्रे आली आणि त्यांनी वाद मिटवला. निघण्याच्या दिशेचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक वाटा तोंडाचा असतो, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हर क्लबात तर अधिकच. मला तीन संध्याकाळी लागल्या त्याचे वाईट वाटत नाही. आयते वाचले असते तर मामांपुढे उभे राहण्याचे धैर्य आले नसते.

चेंडू वळतो का, याचीही कथा जुनी आहे. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वाकडा जातो, हे न्यूटनने 1672 च्या एका पत्रात नमूद केले आहे. 1852 साली माग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने फिरत्या वस्तूवर हवेचा आडवा रेटा कसा पडतो ते दाखवले. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी 1890 नंतरच्या दशकात गोल्फच्या चेंडूवर लेख लिहिले. त्यांचा मुलगा फ्रेडी पुढे ब्रिटिश हौशी विजेता झाला, 1896 आणि 1898 साली. पित्याचा अभ्यास आणि पुत्राचा खेळ एकाच घरात! गोष्ट थोडक्यात अशी: क्लबचा उतार चेंडूला मागच्या बाजूने फिरवतो, म्हणून हवा त्याला वर उचलते. ही फिरकी ज्या आसाभोवती असते तो आस आडवा असेल तर चेंडू केवळ वर उचलला जातो. तोंड आणि वाट वेगळ्या असतील तर आस कलतो, आणि पंख कलते करून विमान वळावे तसा चेंडू वळतो. त्याला 'मागची फिरकी' आणि 'बाजूची फिरकी' अशा दोन फिरक्या नसतात. फिरकी एकच, कललेली. म्हणूनच जास्त उताराच्या क्लबने चेंडू फारसा वळत नाही: मागची फिरकी इतकी असते की आस थोडाच कलतो. क्रिकेटमध्ये नव्या चेंडूचा स्विंग शिवणीमुळे होतो, त्याचे कारण वेगळे, त्याची येथे गल्लत करू नये.

हे सारे मामांना सांगायचे होते. ज्यांनी काठी धरायला शिकवली त्यांना 'तुमचे चुकले' असे कसे म्हणावे? मामा खाचरात आले तेव्हा मी फक्त म्हटले, "मामा, एक ड्रॉ मारून दाखवा ना, तुम्ही सांगता तसा." त्यांनी चेंडूपाशी क्लब टेकवला आणि मी मागून मोबाइलवर फोटो घेतला. चेंडू जवळच्या बांबूच्या उजवीकडून निघाला आणि डौलाने वळून दूरच्या बांबूपाशी पडला. मग मी फोटो दाखवला. तोंड बांबूकडे नव्हतेच, ते बांबू आणि पायांची रेषा यांच्या साधारण मध्यावर रोखलेले होते. मामा म्हणाले, "चेंडू जातोय ना बरोबर, मग झालं." मी म्हटले, "जातोच, पण तुम्ही सांगता तसं तुम्ही करत नाही." यावर ते जरा रागावले आणि बांधावर जाऊन बसले.

मला सुचले ते कॅरमचे. मामा गल्लीतले कॅरमपटू. विचारले, "कट मारताना स्ट्रायकर तिरका येतो, मग सोंगटी स्ट्रायकरच्या दिशेने जाते का?" "छे! जिथं घासली तिथून सरळ समोर." "मग क्लबचं तोंड म्हणजे ती घासलेली जागा. चेंडू तोंडासमोर निघतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना लागून असतात तो वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात हात काय करणार?" मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंचवीस वर्षं मी पोरांना काय सांगत आलो, रे?" मला त्या क्षणी आपण बोललो नसतो तर बरे झाले असते, असे वाटले. तेवढ्यात ते उठले आणि म्हणाले, "तोंड मध्ये ठेवायचं, एवढंच ना? चल, फेड दाखव."

कृती अशी आहे. ड्रॉसाठी पाय लक्ष्याच्या उजवीकडे रोखावेत, झोका पायांच्या रेषेत घालावा आणि तोंड लक्ष्य व पाय यांच्या साधारण मध्यावर ठेवावे. झोक्याची वाट 6 अंश उजवीकडे असेल तर तोंड 3 अंश उजवीकडे. फेडसाठी हेच सारे डावीकडे. आधी तोंड ठरवावे, त्याभोवती पकड बांधावी; पकडून झाल्यावर मनगट पिळले की सगळा हिशोब ढासळतो. ड्रॉचा चेंडू खाली राहतो आणि जमिनीवर पुढे घरंगळतो, फेडचा उंच जाऊन अलगद बसतो. वारा, क्लबाची लांबी, चेंडू तोंडाच्या नेमक्या मध्यावर लागला की कडेला, यांनी सारे थोडेथोडे बदलते. मोठ्या लाकडी क्लबाला चेंडू पुढच्या टोकाला लागला तर तोंड बरोबर असूनही तो डावीकडे वळतो, कारण क्लबचे डोके फिरते आणि चेंडूला उलट फिरकी मिळते. हे मला कळायला आणखी एक महिना लागला.

मामा आता गल्लीतल्या पोरांना नवा नियम सांगतात, पण 'भाच्याने शोधला' असे म्हणत नाहीत, 'आता असं म्हणतात' म्हणतात. माझा ड्रॉ दहातून सात वेळा येतो. फेड चारदाच, कारण पाय डावीकडे ठेवले तरी झोका सवयीने उजवीकडे जातो. ते वयस्क गृहस्थ मला परवा पुन्हा भेटले. पिशवी दुसऱ्या मुलाच्या खांद्यावर होती. चेंडू या वेळी झुडपाच्या मागे होता, आणि मी लांबून पाहिले, त्यांनी तोंड पुन्हा झेंड्याकडेच रोखले होते.