तुसाचा कार्बन करणाऱ्यांना कानमंत्र

माणहून पाषाणच्या प्रयोगशाळांत जाणाऱ्या पोरांनो, आपल्या मुळशीचं पीक भात. गिरणीमागचं तूस आणि कडुलिंबाचा पाचोळा यांतून वीज साठवणारा कार्बन निघतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली वाळक्या पानांपासून ग्रॅमला सुमारे १२३० चौरस मीटर पृष्ठभागाचा कार्बन केला. म्हणजे चिमूटभर भुकटीत बारा गुंठे जागा! हे काम हाती घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

तूस ओळखा. त्यात साधारण पाचवा हिस्सा राख, तीही बहुतेक सिलिका. कोळसा केल्यावर ती गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवा. तिच्या जागी छिद्रं उरतात, ती कामाची. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाटेला जाऊ नका. गिरणी, वाण, हंगाम प्रत्येक खेपेला वहीत लिहा.

भट्टीशी घाई नको. नायट्रोजननं आतली हवा पुरती घालवल्याशिवाय तापवलंत तर हाती राखच येईल. छिद्रं वाढवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरणार असाल तर मूस निकेलची घ्या. ८०० अंशांना ते क्वार्ट्झ आणि ॲल्युमिना खातं. आत धातुरूप पोटॅशियमही तयार होऊ शकतं, म्हणून भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा आणि पाणी अगदी हळूहळू घाला. मग आधी सौम्य आम्लानं आणि नंतर सामू सातवर येईपर्यंत पाण्यानं धुवा.

साठा वाढवायला कार्बनवर धातूच्या ऑक्साइडचा थर देणार असाल, तर तो पातळ ठेवा. मँगनीज ऑक्साइडनं साठा वाढतो, पण त्यातून वीज नीट वाहत नाही. वाहण्याचं काम खालच्या कार्बनला करू द्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्या गटानं साध्या रासायनिक स्नानातून असे थर बसवण्याचं मोठं काम केलं आहे, ते मुळातून वाचा. निकेल-कोबाल्टची ऑक्साइडं अल्कलीत बॅटरीसारखी वागतात, त्यांची क्षमता फॅरडमध्ये सांगू नका. निकेल फोमवर लेप देण्याआधी कोरा फोमही मोजा. त्याचा वाटा तुमच्या नावावर जमा होता कामा नये.

वजनाशी प्रामाणिक राहा. एखाद्या मिलिग्रॅमच्या लेपावर क्षमतेचा आकडा फुगतो. चौरस सेंटीमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास लेप देऊन पाहा. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीतला आकडा, दोन्ही लेपांचं वजन धरून सममित सेलमध्ये मोजला, की चौथाईवर येतो. तो चौथाई आकडाच आधी लिहा.

चाकणच्या कारखान्यात भुकटी घेऊन जाल तेव्हा तीन गोष्टींची तयारी हवी: पूर्ण सेलच्या वजनामागे साठा किती, दहा हजार चक्रांनंतर उरतो किती, आणि पुढच्या पोत्यातल्या तुसातून हाच माल निघेल का. तिसऱ्याचं उत्तर वहीतल्या नोंदींतूनच मिळेल. म्हणून वही पहिल्या दिवसापासून लिहा.