वेबसाइट तुमची, पण चाव्या कोणाकडे? फ्रीलान्स वेब डिझायनरला काम देण्याआधी



फ्रीलान्स वेब डिझायनर भेटला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती घेणार?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा विचारा. पहिला हा विचारा : "काम झाल्यावर सगळी खाती कोणाच्या नावावर असतील?"

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. डिझायनर म्हणाला, "तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं मी बघतो." डोमेन त्याच्या ईमेलवर, होस्टिंगही त्याच्याच खात्यात. वर्षभर छान चाललं. मग ऐन दिवाळीच्या तोंडावर डोमेनची मुदत संपते. रिन्यूअलचा मेल जातो त्याला, आणि तो आता नोकरीला लागलाय, फोन उचलत नाही. तुमच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला पत्ता उघडतच नाही! आता यात डिझायनर लबाडच असायला हवा असं नाही. खाती त्याच्या नावावर आहेत, एवढं पुरेसं आहे.

म्हणून काम देण्याआधी या ५ गोष्टी पक्क्या करा.

१. खाती तुमच्या नावावर
धंद्यासाठी एक वेगळा ईमेल काढा. डोमेन आणि होस्टिंग त्याच ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर आणि तुमच्या पैशाने घ्या. डिझायनर शेजारी बसून मदत करू दे, पण खातं तुमचंच. त्याला तुमचा पासवर्ड देऊ नका. वर्डप्रेस असेल तर त्याच्यासाठी वेगळा युजर तयार करा आणि काम संपलं की तो काढून टाका.

२. गिऱ्हाइकाचे पैसे थेट तुम्हाला
पेमेंट गेटवे तुमच्या पॅनवर आणि तुमच्या बँक खात्याला जोडलेला हवा. गेटवे कंपन्या मंजुरी देताना साइटवर संपर्क, अटी, प्रायव्हसी आणि रिफंडची पानं आहेत का ते बघतात. ही पानं कामाच्या यादीत आधीच धरा.

३. कामाची यादी कागदावर
"एक मस्त वेबसाइट करून द्या" यातून फक्त भांडण तयार होतं. पानं किती, प्रॉडक्ट किती, मराठी की इंग्रजी की दोन्ही, फोटो कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, तारीख कोणती, हे सगळं लिहा.

४. हक्क लेखी घ्या
हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा हक्क साधारणपणे मालकाला मिळतो. पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही! म्हणजे पैसे दिले तरी त्याच्या डिझाइनचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी आणि त्याच्या सहीनेच घ्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" असं स्पष्ट लिहा. रक्कम मोठी असेल तर कागद वकिलाला दाखवा.

५. पैसे टप्प्याटप्प्याने
सुरुवातीला ३० टक्के, डिझाइन पसंत पडल्यावर ४०, आणि उरलेले ३० सगळं हातात आल्यावर. 'सगळं' म्हणजे लॉगिनची यादी, साइटचा पूर्ण बॅकअप आणि विकत घेतलेल्या थीम-प्लगिनची लायसन्स.

आणि निवड कशी करायची? त्याने केलेल्या ३ साइट स्वतःच्या मोबाइलवर उघडा. मग त्याच्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारा, "काम संपल्यावर हा फोन उचलतो का?"

चांगला डिझायनर या अटींवर चिडत नाही. उलट काय करायचंय ते नक्की कळल्यामुळे त्याचंही काम सोपं होतं. ऐकूनच जो वैतागला, त्याला नम्रपणे नमस्कार करा.

आजचा गृहपाठ : तुमची साइट आधीच असेल, तर डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते आजच बघा. तुमच्या नसेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच आपल्या नावावर करून घ्या.