एमसीबी आहे, तरी शॉक का?

प्रश्न : रावेरला आमचं केळी पॅकिंगचं शेड आहे. फण्या धुण्याच्या टाकीजवळच पंखे आणि पंप चालतात. परवा एका मजुराला पंख्याचा झटका बसला, पण एमसीबी पडला नाही. तो खराब झाला असेल का?
– एक व्यावसायिक, रावेर

उत्तर : दादा, तुमचा एमसीबी बहुधा ठीकच आहे. तो जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, म्हणजे वायरिंग जळू देत नाही. माणसाला वाचवणं हे त्याचं कामच नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16,000 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालू देतो, आणि ओल्या अंगातून गेलेले 50 मिलिअँपिअरसुद्धा जीव घेऊ शकतात.

तो पंखा आजच बंद करा. परवानाधारक वायरमनकडून शेडच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तोही पडेलच असं नाही. म्हणून जोडवायरी, उघडे बोर्ड टाकीपासून दूरच हवेत. पंख्याच्या आणि पंपाच्या बॉडीला अर्थिंग हवंच; नळाच्या पाइपला बांधलेली तार चालणार नाही.

कुणी चिकटलंच, तर हात लावू नका. आधी मेन बंद करा, मग 108 ला फोन. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला लागा. ही माहिती मजुरांनाही द्या. टाकीत हात त्यांचेच असतात.