बालवाडीच्या बाईंचे शिक्षण आणि अनुदानाचा पैसा

महोत्सवाच्या वर्षी संस्थेकडे चार पैसे अधिक जमतात आणि ते कशावर खर्चावेत याची चर्चा सुरू होते. बहुधा ती एखाद्या खोलीवर किंवा सभागृहावर येऊन थांबते. खोली डोळ्यांना दिसते, तिच्या दारावर दात्याचे नाव कोरता येते. आम्ही येथे ज्या खर्चाचा विचार मांडणार आहोत, त्यावर नाव कोरायला जागा नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकविणाऱ्या बाईंचे स्वतःचे शिक्षण, हा तो खर्च होय.

आम्ही प्राथमिक शाळेत शिकवितो. पहिलीच्या वर्गात जूनमध्ये येणारी मुले पाहिली की आठवड्याभरात ध्यानात येते, कोणते मूल जाणत्या बाईंच्या हाताखालून आले आहे आणि कोणते नुसते बसवून ठेवलेले आहे. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे पाठ येतात, पण समोरच्या चिंचोक्यांतून सात काढून दे म्हटले की ते गोंधळते. पहिल्या प्रकारच्या मुलाला कदाचित वीसच आकडे येत असतील; परंतु ते मोजते, जुळविते, आणि अडले तर विचारते.

बडोद्याच्या वाचकांना शिक्षणाचा इतिहास नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 साली ते सर्व राज्यात लागू केले. त्या कायद्यात मुलांचे वय सात ते बारा व मुलींचे सात ते दहा असे धरलेले होते. सातच्या आतले मूल घरच्यांच्या हवाली. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानेही हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. तिसऱ्या वर्षापासूनच्या पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी शासनाने व्यवस्था करावी, एवढे एक कलम त्यात आहे. म्हणजे शंभर वर्षांनंतरही लहानग्यांचा प्रश्न सद्भावनेवर सोपविलेला राहिला, आणि सद्भावनेवर चालणाऱ्या कामात शिकविणाऱ्याच्या शिक्षणाला पैसा सर्वांत शेवटी मिळतो.

या बाबतीत आपला वारसा मात्र थोर आहे, आणि तो मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांचा आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. ताराबाई मोडक 1923 च्या सुमारास त्यांना जाऊन मिळाल्या, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला शिशुविहार सुरू करताना ताराबाईंनी मुलांच्या वर्गाबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली. आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलांची शाळा आणि शिक्षकांची शाळा ही दोन कामे त्यांनी वेगळी मानलीच नाहीत.

1945 साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना मिळाल्या, आणि 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणांतला आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. माँटेसरीबाईंची साधने सुबक, पण महाग. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आल्या. हे सोपे काम नव्हे. ठरावीक साधन कसे वापरायचे ते महिन्याभरात शिकविता येते. पण शिंपल्यांतून लहानमोठेपणाची कल्पना कशी द्यायची आणि ती मुलाला आली की नाही हे कसे ओळखायचे, यासाठी बाईंना त्या साधनामागचे तत्त्व कळावे लागते. गरीब वस्तीतल्या बाईंना थोडक्या शिक्षणावर भागविता येईल, असा जो समज आहे तो अगदी उलटा आहे. साधने जितकी कमी, तितके बाईंचे शिक्षण अधिक लागते.

शासनाचा पैसा या कामात आला तो टप्प्याटप्प्याने. 1953 साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले आणि स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना त्याच्याकडून अनुदान मिळू लागले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पण त्यांच्या सेविकांकडे पाहा. आरंभी मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा 150 रुपये मानधन होते. 2018 साली केंद्राने ते 3000 वरून 4500 केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. ‘मानधन’ हा शब्द ऐकायला गोड आहे. गुजरातमधल्याच एका प्रकरणात 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान कायद्याखाली उपदान मिळाले पाहिजे. निवृत्तीच्या वेळी हाती चार पैसे मिळावेत यासाठी त्यांना दिल्लीपर्यंत भांडावे लागले, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने असे ठरविले की बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा, आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा. तो दूरस्थ पद्धतीने, मोबाईलवरूनही चालेल; महिन्यातून निदान एक वर्ग समोरासमोर व्हावा. 10 मे 2023 रोजी केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. योजना चांगली आहे. परंतु तीन दिवसांच्या शिबिरात उत्साह मिळतो, हातवळण मिळत नाही. हातवळण येण्यासाठी कुणी जाणत्या व्यक्तीने बाईंच्या वर्गात येऊन मागे बसावे लागते आणि नंतर दोन शब्द बोलावे लागतात.

काय बोलावे, याचे एक उदाहरण देतो. आमच्या मोहल्ल्यातली कित्येक मुले घरी उर्दू बोलतात, गल्लीत गुजराती, आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी ऐकतात. असे मूल बालवाडीत दोन-तीन महिने गप्प बसते. न शिकलेल्या बाईंना ते मंद वाटते, आणि त्या आईला तसे सांगतातही. शिकलेल्या बाईंना ठाऊक असते की नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही काळ नुसते ऐकते. त्या त्याच्या घरच्या भाषेतले दोन शब्द वर्गात आणतात, गाण्याला हातवारे जोडतात, आणि वाट पाहतात. मूल तेच असते. पण पहिल्या वर्गात त्याच्यावर पाचव्या वर्षी जो शिक्का बसतो, तो पुसायला आम्हां पहिलीच्या शिक्षकांना पुढे वर्ष जाते, आणि कधी तो पुसलाही जात नाही.

आता संस्थेने काय करावे? सर्वसाधारण समजूत अशी की अभ्यासक्रमाची फी भरली म्हणजे झाले. ते पुरत नाही. हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, सहा महिन्यांत 24 दिवस बाईंना वर्गाला जावे लागते. त्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी बाई हवी. रोजचे 300 धरले तर 7200 रुपये. जाण्यायेण्याचे रोज 60 प्रमाणे 1440. फी व पुस्तके 5000. झाले 13640. यांतले पहिले दोन आकडे आपल्या अंदाजपत्रकात क्वचितच असतात, आणि बाई नेमक्या त्यांच्यामुळेच शिक्षण अर्धवट सोडतात. कुणाचे मूल आजारी, कुणाला रजा नाही, कुणाचा त्या दिवसाचा पगार कापला जातो. आमच्या परिचयाच्या एका बाई पदरचे पैसे भरून शिकल्या. प्रमाणपत्र आल्यावर पगार तोच राहिला आणि वर्षाच्या आत त्या कपड्यांच्या दुकानात नोकरीला गेल्या. तेथे हजार रुपये जास्त होते. त्यांना दोष कोण देणार? म्हणून वरच्या हिशेबात शिक्षणानंतर दरमहा 500 रुपयांची वाढ दोन वर्षे धरावी. ती 12000 होते, आणि एका बाईंमागे एकूण 25640. पाच बाईंचे 128200. एका खोलीचा खर्च वाचकांनी स्वतःच आठवावा.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1990 साली ‘टीच अर्ली चाइल्डहुड’ नावाची शिष्यवृत्ती निघाली, ती याच विचारावर उभी आहे. फीचा मोठा भाग शिष्यवृत्ती देते, थोडा शाळा देते, थोडा शिक्षिका स्वतः. अभ्यासासाठी सुटीचे तास मिळतात. अभ्यासाचा ठरलेला भाग पुरा झाला की पगारात वाढ किंवा बक्षीस, आणि त्या बदल्यात शिक्षिकेने ठरलेला काळ त्याच ठिकाणी काम करण्याचे वचन द्यावयाचे. तिघांचाही पैसा गुंतलेला असल्यामुळे तिघांनाही ते काम पुरे व्हावेसे वाटते. आपल्याकडे हा करार लहान प्रमाणावर कुठलीही संस्था करू शकेल. मात्र वचनाचा काळ एक वर्षाहून लांबवू नये; नाहीतर मदतीचे बंधन होते.

पैसा केवळ वर्गणीतूनच यावा असेही नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातील 135 व्या कलमाने मोठ्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत असे ठरविले, आणि त्यात शिक्षण येते. कंपनीकडून असे काम स्वीकारणाऱ्या न्यासाची आयकराखालील नोंदणी पुरी असावी लागते, 1 एप्रिल 2021 पासून स्वतंत्र नोंदणीही लागते, आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला असावा लागतो. आपल्या जुन्या संस्थांना हे कठीण नाही. अर्ज करताना काम एका वर्षाचे न दाखविता बहुवर्षीय म्हणून दाखवावे. कायद्यात तशी सोय आहे. अभ्यासक्रमासाठी दूर जावे लागत नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालशिक्षणाची पदविका बारावी झालेल्यांना घरी राहून करता येते. बडोद्यात तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत 1950 च्या दशकापासून बालविकासाचा अभ्यास चालत आला आहे. तेथील जाणकारांना महिन्यातून एकदा आपल्या बालवाडीत येऊन मागे बसण्याची विनंती करायला खर्च फक्त रिक्षाभाड्याचा आहे. न्यासाच्या उद्देशपत्रिकेत ‘शिक्षण’ हा शब्द असला तर शिक्षकांचे शिक्षण त्यात बसते की नाही, एवढे मात्र पुढच्या सभेपूर्वी वकिलांकडून पाहून घ्यावे.