सरबताचे गणित



लग्नसराईत पाहुण्यांपुढे बाटलीबंद पेय ठेवायची पद्धत पडली आहे. साखर आपल्याच उसाची. मग सरबत घरचे का नको? पण ते जमले पाहिजे. आमच्या घरच्या लग्नात पिंपातल्या गार पाण्यात साखर तशीच ओतली. ती तळाशी बसली. पहिल्या पंगतीला नुसते आंबट पाणी मिळाले अन् शेवटच्या पंगतीला पाक! पाहुणे बोलले नाहीत, पण ग्लास तसेच राहिले.

म्हणून पहिला धडा : साखर नाही, पाक घाला.

पाक : 1 किलो साखर, अर्धा लिटर पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालावे, मळी वर येते ती काढावी. गाळून पूर्ण गार करावा. गरम पाकात लिंबू पिळू नये, स्वाद उडतो.

प्रमाण : लिंबाचा रस 2 भाग, पाक 3 भाग, पाणी 15 भाग. शंभर माणसांना 2 लिटर रस, 3 लिटर पाक (साखर पावणेतीन किलो), 15 लिटर पाणी. रसदार लिंबू असेल तर माणशी एक धरावे. बिया चिरडू नयेत, साल फार दाबू नये; कडवटपणा येतो.

क्रम : आधी रस, पाक, मीठ व जिरेपूड एकजीव करावी, मग पाणी. सोडा घालायचा तर पाण्याऐवजी, अगदी शेवटी, ग्लासच्या कडेने. जोराने ढवळला की फसफस निघून जाते.

कोकमाचे आगळ मुळात खारट असते, त्यात वेगळे मीठ नको. उसाच्या रसाला पाक लागतच नाही; आले-लिंबू घालून लगेच प्यावा. ठेवला की काळा पडतो, आंबतो.

शेवटची गोष्ट बर्फाची. मासे गार ठेवायचा बर्फ पिण्यात घालू नका. 2018 साली राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम झाला. निळसर लादी दिसली की परत पाठवा. पांढरा बर्फही पिण्याच्या पाण्याचाच आहे ना, हे विचारून घ्या. सरबत कितीही चांगले जमले तरी खराब बर्फाने वऱ्हाड जुलाबाने आजारी पडते. खात्री नसेल तर माठातले गार पाणी वापरावे.

मधुमेह असलेल्यांसाठी ताक वेगळे ठेवायला विसरू नये.