घटक ४ : गिरणगाव – स्थलनामे, श्रमाचे शब्द आणि परिसराचा बदलता इतिहास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• स्थलनामे व व्यवसायातील शब्द ही इतिहासाची साधने कशी ठरतात, हे सांगता येईल.
• गिरणगावातील श्रमशब्दांचे मूळ आणि त्यांचे सामाजिक अर्थ स्पष्ट करता येतील.
• शब्दाचा अर्थ निश्चित करणे ही केवळ भाषिक बाब नसते, हे उदाहरणाने दाखविता येईल.
• स्वतःच्या परिसरातील शब्दांची पद्धतशीर नोंद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अर्थांतर या संकल्पना कोशातील उदाहरणांच्या आधारे समजून घेतल्या. या घटकात त्याच संकल्पना सोबत घेऊन आपण मुंबईतील एका परिसरातून चालत जाणार आहोत. लालबागपासून निघून करी रोडचा पूल ओलांडायचा, ना. म. जोशी मार्गाने लोअर परळला यायचे आणि सेनापती बापट मार्गाने प्रभादेवी स्थानकापर्यंत पोहोचायचे, असा हा मार्ग आहे. अंतर फार नाही. मात्र या वाटेवर सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील बराचसा आता इमारतींत उरलेला नसून शब्दांत उरलेला आहे.

४.३ 'गिरणगाव' हे नाव

मुंबईच्या नकाशात 'गिरणगाव' शोधल्यास ते सहसा सापडणार नाही. या नावाचे रेल्वेस्थानक नाही आणि महानगरपालिकेचा विभागही नाही. तरीही भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, प्रभादेवी, नायगाव, शिवडी या पट्ट्याला मराठी माणूस हेच नाव देत आला. हे नाव शासनाने दिलेले नाही. ते तेथे राहणाऱ्यांच्या बोलण्यातून रूढ झाले.

'गिरण्यांचे गाव' असा या समासाचा विग्रह होतो. पूर्वपद 'गिरणी' समासात येताना त्याचा अंत्य स्वर लोपतो. उत्तरपद अधिक विचार करण्याजोगे आहे. येथे आलेला कामगार रत्नागिरीचा, सिंधुदुर्गाचा, साताऱ्याचा किंवा कोल्हापूरचा होता. 'गावी जातो' असे म्हणताना त्याला तेच गाव अभिप्रेत असे. असे असूनही मुंबईतील या वस्तीला त्याने 'नगर' किंवा 'पुरी' म्हटले नाही, 'गाव'च म्हटले. गावातील शेजार, भजनीमंडळ, आखाडा, गणेशोत्सव आणि गावकी यांसह तो येथे आला होता. ही सारी सामाजिक घडण त्या दोन अक्षरी पदात सामावली आहे.

या गावाचा आरंभ १८५४ मध्ये मानला जातो. त्या वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि शहराच्या मध्यभागी कामगारांची दाट वस्ती उभी राहिली.

४.४ लालबाग : श्रमाचे शब्द

मराठी चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भारतमाता चित्रपटगृहाच्या परिसरात क्षणभर थांबा. येथील दिवस एकेकाळी घड्याळावर चालत नसे, तो भोंग्यावर चाले. गिरणीचा 'भोंगा' झाला की 'पाळी' बदले. कामावर न गेलेला दिवस म्हणजे 'खाडा'. कायम कामगाराच्या खाड्यावर ज्याला त्या दिवसापुरते काम मिळे तो 'बदली' कामगार. दाराशी उभे राहूनही काम मिळेलच, याची त्याला खात्री नसे. एकाचा खाडा ही दुसऱ्याची रोजी होती, हे नाते या दोन शब्दांची जोडी सांगते.

या शब्दांचे मूळ पाहिल्यास त्यांत अनेक स्तर दिसतात. 'मुकादम', 'बदली' आणि 'हजेरी' हे शब्द मुळात अरबी असून फारसीच्या मार्गाने मराठीत आले. 'चाकरमानी' या कोकणातील शब्दातील 'चाकर' फारसी आहे. 'पगार' पोर्तुगीज आहे. 'जॉबर' इंग्रजीतून आला. यंत्र इंग्लंडहून आले, तरी त्याभोवतीचे मानवी व्यवहार सांगणारे शब्द मराठीत आधीच रुळलेले होते आणि कामगाराने तेच वापरले. मागाला त्याने 'साचा' म्हटले आणि माग चालविणाऱ्याला 'साचेवाला'. स्त्रियांच्या खात्यांवर देखरेख करणारी ती 'नाईकीण'. शटलला 'धोटा' हा हातमागावरचाच शब्द मिळाला. मामा वरेरकरांनी गिरणीकामगारांच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले, तेव्हा वाचकाला तो शब्द समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज टिपेत त्याचा अर्थ द्यावा लागतो.

मात्र शब्दसंग्रह करताना एक सावधगिरी बाळगा. शब्द जितके सांगतात, तितकेच झाकूनही ठेवतात. धोट्यातील सूत त्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणाने दलित कामगारांना विणकामाच्या खात्यात प्रवेश नाकारला जात असे आणि ते खाते तर अधिक मजुरीचे होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार चळवळीपुढे ठामपणे मांडला. 'धोटा' या शब्दाच्या कोशातील अर्थात ही भेदरेषा दिसत नाही. ती दाखविणे हे अभ्यासकाचे काम आहे.

४.५ ना. म. जोशी मार्ग : राहण्याचे शब्द

करी रोडचा पूल ओलांडून आपण ना. म. जोशी मार्गावर येतो. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणाऱ्या आणि कामगार चळवळीला वाहून घेतलेल्या नारायण मल्हार जोशी यांचे हे नाव आहे. जुनी माणसे मात्र या रस्त्याला अजूनही 'डिलाईल रोड' म्हणतात. दोन्ही नावे एकाच वेळी चालू राहतात आणि बोलणारा कोणते निवडतो, यावरून त्याचे वय व परिसराशी असलेले नाते समजते.

याच मार्गावर बी.डी.डी. चाळी आहेत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि येथे मिळून २०७ इमारती बांधल्या. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली हे त्यांतील घराचे माप. आज या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे.

'खोली' या शब्दाचा येथील अर्थ नीट समजून घ्या. प्रमाण मराठीत खोली हा घराचा एक भाग असतो. गिरणगावात खोली म्हणजेच घर. हा अर्थविस्तार जागेच्या टंचाईतून झाला आहे. एकट्याने आलेले पुरुष तर खोलीचाही वाटा घेत. एका गावच्या मंडळाच्या खोलीत अनेक जण राहत आणि वेगवेगळ्या पाळ्यांमुळे एकाच जागेवर आळीपाळीने झोपत. त्यांच्या जेवणाची सोय 'खाणावळवाली' करी. या स्त्रियांचे श्रम घरकामातच गणले जात, म्हणून त्यांची नोंद फारशी झाली नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले, तेव्हा 'खाणावळवाली' ही ओळख व्यवसायाची म्हणून पुढे आली.

४.६ संप, हरताळ आणि टाळेबंदी

काम थांबण्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि प्रत्येकाची दृष्टी वेगळी आहे. 'हरताळ' या शब्दाचे मूळ बाजार आणि कुलूप या अर्थांच्या शब्दांत सांगितले जाते. दुकाने बंद राहणे हा त्याचा गाभा. ('हरताळ फासणे' यातील हरताळ हे पिवळे खनिज असून तो शब्द निराळा आहे.) 'टाळेबंदी' मालक करतो. 'संप' या शब्दाचा जुना अर्थ मात्र एकी, एकमत असा आहे. गुजरातीत तो आजही त्याच अर्थाने वापरला जातो. कामगारांनी एकजुटीने काम थांबविणे, असा त्याचा अर्थ मराठीत संकुचित झाला. म्हणजे मराठी शब्दाने काम थांबण्याकडे न पाहता, ते थांबविणाऱ्यांच्या ऐक्याकडे पाहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही आणि पुढील काळात गिरण्या एकेक करून बंद झाल्या. यानंतर गिरणगावाच्या बोलण्यात 'संप' हा कालगणनेचा शब्द झाला. 'संपाच्या आधी' आणि 'संपानंतर' असे म्हटले की वर्ष सांगावे लागत नाही. संपातील आणि संपानंतरच्या कुटुंबांची झालेली पडझड जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात आली आहे.

४.७ 'मोकळी जमीन' : एका अर्थाचा वाद

लोअर परळला आल्यावर उंच इमारती दिसू लागतात. त्या येथे कशा आल्या, याचे उत्तर अंशतः एका शब्दाच्या अर्थात आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा विकास करताना ढोबळमानाने तीन वाटे करायचे होते. एक वाटा महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक वाटा सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. त्यानंतर वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीला लागू राहिली. येथे प्रश्न उभा राहिला : मोकळी म्हणजे कोणती? ज्या जमिनीवर आधीपासून बांधकाम नाही तेवढीच, की जुनी गिरणी पाडल्यावर मोकळी होणारीही?

हा प्रश्न न्यायालयात गेला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसरा, व्यापक अर्थ ग्राह्य धरला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि पहिला, मर्यादित अर्थ मान्य केला. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा इमारतींनी व्यापलेली असल्याने सार्वजनिक उद्यानांसाठी आणि घरांसाठी मिळू शकणारी जमीन फार कमी झाली.

अर्थविज्ञानाच्या अभ्यासकाने हे उदाहरण विसरू नये. 'मोकळे असणे' आणि 'मोकळे केले जाणे' यांतील भेद आपण वर्गात व्याकरणाचा भेद म्हणून शिकतो. येथे त्याच भेदावर कामगारांच्या वारसांच्या घरांचा प्रश्न अवलंबून होता. घरांसाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या उपलब्ध झालेल्या घरांपेक्षा कितीतरी अधिक राहिली. 'साचेवाला', 'बदली', 'मुकादम' अशा शब्दांनी ओळखली जाणारी माणसे कागदोपत्री आता 'पात्र' किंवा 'अपात्र' झाली.

४.८ सेनापती बापट मार्ग ते प्रभादेवी : नावांची अदलाबदल

सेनापती बापट मार्गाचे जुने नाव 'तुळशी पाइप रोड'. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळामुळे ते पडले. या परिसरात फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठे व्यापारी संकुल आहे. जुनी चिमणी राखलेली आहे, धूर नाही. जवळच कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आहेत. 'फिनिक्समध्ये जातो' असे म्हणणारा पूर्वी कामाला जात असे, आता खरेदीला जातो. वाक्य तेच राहिले, बोलणारा बदलला. 'मिल' या शब्दाचा अर्थ येथे जवळजवळ पुसला गेला असून तो केवळ पत्ता झाला आहे. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव जयंत पवारांनी आपल्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाच्या शीर्षकात वेगळ्या जाणिवेने वापरले.

घरांच्या जाहिरातींत याच लोअर परळला कधी कधी 'अप्पर वरळी' म्हटलेले आढळते. जमीन तीच, समुद्रसपाटीपासूनची उंचीही तीच; 'लोअर'चे 'अप्पर' झाले, कारण ग्राहक बदलला. कामगाराच्या आठवणीतील पत्त्यापासून जागा सोडविण्याचा हा सोपा मार्ग आहे.

आपला मार्ग प्रभादेवी स्थानकाशी संपतो. २०१८ पर्यंत याचे नाव 'एल्फिन्स्टन रोड' होते. लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पहिली गिरणी त्यांच्याच कारकिर्दीत निघाली. नवे नाव जवळच्या देवस्थानावरून आलेले, स्थानिक आणि जुने आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी याच स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. परिसर कापडगिरण्यांचा न राहता कार्यालयांचा झाला, माणसांची वर्दळ वाढली, पण जिने आणि पूल त्या मानाने रुंदावले नाहीत. नावे बदलणे आणि परिसर राहण्याजोगा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४.९ सारांश

गिरणगावाच्या इतिहासात तीन प्रकारचे भाषिक व्यवहार दिसतात. कामगाराने स्वतःच्या अनुभवाला शब्द दिले. शासन व न्यायव्यवस्थेने काही शब्दांचे अर्थ निश्चित केले. बाजाराने जागेला नवी नावे दिली. यांतील पहिल्या व्यवहाराच्या नोंदी सर्वांत कमी आहेत, कारण तो तोंडी होता. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून मौखिक इतिहास सिद्ध केला, तो या दृष्टीने मोलाचा आहे. 'भोंगा' ऐकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिचे शब्द आज लिहून ठेवले नाहीत, तर उद्या अर्थ सांगणारे कोणी राहणार नाही.

४.१० क्षेत्रीय कार्य

हे काम मुंबईबाहेर राहणाऱ्यांनाही करता येईल. सोलापुरात 'जुनी मिल' हे नाव आजही बोलण्यात आहे. नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या आठवणी आहेत. तुमच्या गावातील बंद पडलेला कारखाना, जिनिंग किंवा छापखानाही चालेल. तेथे काम केलेल्या एका व्यक्तीला भेटा. 'तुम्ही कोणते शब्द वापरत होता?' असे विचारू नका. त्याने शब्द आठवत नाहीत. 'तुमचा एक दिवस सकाळपासून सांगा' असे म्हणा. बोलणे मध्येच दुरुस्त करू नका, उच्चार जसा आहे तसा लिहा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि तो कोणाला लागू होत नव्हता, या तीन नोंदी करा. तुमच्यापैकी काहींच्या घरातच अशी व्यक्ती असेल. आरंभ तेथून करा.

४.११ स्वयंमूल्यमापनासाठी प्रश्न

१. 'गिरणगाव' या नावातील उत्तरपदाचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करा.
२. 'खाडा' आणि 'बदली' या शब्दांतील परस्परसंबंध सांगा.
३. 'संप', 'हरताळ' व 'टाळेबंदी' यांतील अर्थभेद विशद करा.
४. 'मोकळी जमीन' या शब्दप्रयोगाच्या दोन अर्थांमुळे कोणते परिणाम झाले, ते लिहा.
५. तुमच्या परिसरातील एका ठिकाणाची जुनी व नवी नावे घेऊन, ती कोण कोणत्या प्रसंगी वापरतो, याची ३०० शब्दांत चर्चा करा.