अस्तराचा पडदा घरीच शिवावा

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील बारामती व इंदापूर या तालुक्यांत चैत्र-वैशाखात हवा कोरडी व ऊन कडक असते. दुपारी पारा 40 अंशांच्या आसपास जातो. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आत शिरून भिंत, जमीन व अंथरूण तापविते. बाळंतीण, तान्हे मूल व वृद्ध माणसे यांस त्या वेळी घरातच राहावे लागते. पातळ एकेरी पडद्याने उजेड मंद होतो, परंतु ऊन पुरते अडत नाही. अस्तर लावलेला पडदा हे काम अधिक चांगले करतो. पत्र्याच्या छपरातून उतरणारी उष्णता मात्र त्याने थांबत नाही. छपरासाठी निराळा उपाय योजावा.

या भागातील स्त्रियांस वाकळ शिवण्याची सवय असल्याने हे काम अवघड वाटू नये. एक भेद मात्र ध्यानात घ्यावा. वाकळीत सर्व थर धाग्याने एकजीव करतात. पडद्यात अस्तर खालून मोकळे सोडावयाचे असते. तसे न केल्यास पडदा धुतल्यावर चुण्या पडून वेडावाकडा लोंबतो.

कापड

दर्शनी बाजूस जाड सुती कापड किंवा खादी घ्यावी. अस्तरास जुने, फिक्या रंगाचे सुती लुगडे उत्तम. फिका रंग ऊन परतवितो व दर्शनी कापडाचा रंग विटू देत नाही. नऊवारी लुगड्यातून दोन खिडक्यांचे अस्तर निघते. विरलेला भाग वगळावा. नवे सुती कापड धुतल्यावर आटते; म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून व इस्त्री करून मगच बेतावे.

माप व बेतणी

खिडकी 90 सें.मी. रुंद व 120 सें.मी. उंच आहे असे समजू. दांडी खिडकीच्या 10 सें.मी. वर बसवावी व पडदा खिडकीखाली 15 सें.मी. उतरू द्यावा. तयार लांबी 145 सें.मी. होते. त्यात वरच्या नेफ्यास 10 व खालच्या दुमडीस 15 सें.मी. मिळवून 170 सें.मी. लांबीचा तुकडा कापावा. आटण्याची तूट धरून विकत घेताना तो 180 सें.मी. घ्यावा. 110 सें.मी. पन्ह्याचे असे दोन तुकडे एका खिडकीस लागतात.

प्रत्येक तुकड्याचे अस्तर 100 सें.मी. रुंद व 147 सें.मी. लांब कापावे. कापताना आडवा धागा ओढून रेघ सरळ करावी.

शिवण

1. दर्शनी कापडाची खालची कड 7.5 सें.मी.ची दुहेरी दुमडून शिवावी. अस्तराची खालची कड 2.5 सें.मी.ची दुहेरी दुमडून शिवावी.

2. दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवाव्यात. अस्तराचे वरचे टोक दर्शनी कापडाच्या टोकाखाली 10 सें.मी. असावे. मग अस्तर खाली 3 सें.मी. आखूड राहते.

3. दोन्ही उभ्या कडा जुळवून 1.5 सें.मी. आत टीप मारावी. खालची बाजू जोडू नये.

4. पडदा उलटवून पसरावा. अस्तराच्या दोन्ही बाजूंस दर्शनी कापडाची 2.5 सें.मी. पट्टी सारखी दिसली पाहिजे.

5. वर उरलेल्या भागाच्या उभ्या कडा आत दुमडाव्यात. तो भाग प्रथम 2 व नंतर 8 सें.मी. अस्तरावर दुमडून टीप मारावी. हाच दांडीचा नेफा होय.

वापर व निगा

अस्तर खिडकीकडे राहील असा पडदा लावावा. खिडकीवर ऊन येण्यापूर्वी तो ओढावा. सायंकाळी बाहेरची हवा निवताच पडदा व खिडकी उघडावी. चुलीजवळील खिडकीस असा पडदा लावू नये.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघ-फाल्गुनात बचत गटाच्या बैठकीत एक पडदा शिवून दाखवावा. पुढे उन्हाळ्यात एकाच घरातील पश्चिमेच्या दोन सारख्या खिडक्यांपैकी एकीस एकेरी व दुसरीस अस्तराचा पडदा लावावा. दुपारी चार वाजता दोन्ही पडद्यांच्या आतील बाजूस हात लावून पाहण्यास सांगावे. फरक प्रत्यक्ष कळला म्हणजे जुनी लुगडी कोठे कामी आणावीत, हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.